तीन महिन्यांचा पाला

डॉक्टरांशी घासाघीस करायची नसते, हे मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पहाटे शेतकऱ्याशी, दिवसभर गिऱ्हाइकांशी, संध्याकाळी उरलेल्या मालावरून खानावळवाल्याशी, असं माझं सगळं आयुष्य घासाघिशीतच गेलं आहे. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव हा शेवटचा नसतो, एवढी एकच विद्या मला येते. तिच्या जोरावर मी फुलपाड्यातल्या हातगाडीवरून बोळिंजमधल्या स्वतःच्या भाजीच्या दुकानापर्यंत आले. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "आता गोळ्यांवर भागेल असं दिसत नाही, इन्सुलिन सुरू करू," तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सहा महिने थांबा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पेशंट मी नव्हतेच. पेशंट माझ्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, म्हणजे आमचे हे.

"बाई, हा भाजीबाजार नाही."

"म्हणून सहा म्हणाले. बाजारात असते तर वर्ष मागितलं असतं."

ह्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि डॉक्टरांना विचारलं की सुई सुरू झाल्यावर टेम्पोचं काय. कारण माझं सगळं अडलं होतं ते तिथे. रोज पहाटे अंधारात हे टेम्पो घेऊन चांदीपला आणि पुढच्या गावांत जातात, शेतातून ताजी भाजी भरतात आणि उजाडता उजाडता दुकानासमोर गाडी आणून उभी करतात. आमचं दुकान चालतं ते या एका गोष्टीवर. मोठ्या बाजारातला शिळा माल आमच्याकडे नसतो. आणि धंदा बाजूला ठेवला तरी हा माणूस जगात एकाच गोष्टीत रमतो, ती म्हणजे त्या टेम्पोचं स्टिअरिंग. घरात चार शब्द बोलणार नाही, पण गाडीत बसला की गुणगुणतो.

डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिनवर असताना उपाशीपोटी पहाटे एकट्याने गाडी चालवायची नाही. साखर एकदम उतरली, चक्कर आली तर काय कराल? निदान सुरुवातीचे काही महिने तरी गाडी बंद."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होते.

"चार महिने," मी म्हणाले.

"एक."

"एका महिन्यात कोथिंबीरसुद्धा नीट येत नाही, डॉक्टर."

डॉक्टर हसले. हसला की माणूस सौद्यात उतरला, हे मी जाणून आहे. शेवटी तीनवर ठरलं. तेही त्यांच्या अटींवर. एकही गोळी चुकवायची नाही. बोटातून रक्त काढून साखर बघायचं मशीन घरी ठेवायचं आणि पंधरवड्याला आकडे दाखवायचे. आकडे हाताबाहेर गेले तर त्याच दिवशी सुई, मग तक्रार चालणार नाही. आणि जेवण बदलायचं. मांसमच्छी, तेल-तूप कमी, भाजीपाला जास्त. "वनस्पतींवर भर द्या," असे त्यांचे शब्द. मी म्हटलं, एवढंच ना? भाजीचं दुकान माझंच आहे.

इतक्या आत्मविश्वासाने मी त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरले, की आज आठवलं तरी मलाच माझं कौतुक वाटतं.

आता नणंदेबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय ही गोष्ट म्हणजे मीठ नसलेलं कालवण.

माझं सासर अर्नाळ्याकडचं, समुद्राला लागून. माहेर घाटावर, पुणे जिल्ह्यातल्या कोरड्या गावात. आमच्याकडे बाजरीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, मटकीची उसळ आणि सणाला पुरणपोळी. लग्न होऊन आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यांतला फरक कळत नव्हता. मोठ्या नणंदेने पहिल्याच आठवड्यात माझी परीक्षा घेतली, मासळी साफ करायला बसवलं, आणि माझं बोट कापलं तेव्हा अंगणभर हसली. "घाटावरची पालेवाली आनलीय माज्या भावान," असं तिने शेजारणींना सांगितलं. नाव पडलं ते पडलंच. पुढे आम्ही वेगळे राहायला फुलपाड्याला आलो, मी खरोखरच हातगाडीवर पालेभाजी विकायला लागले, आणि तिला आयतं कोलीत मिळालं. प्रत्येक सणाला, प्रत्येक हळदीला, माणसांनी भरलेल्या अंगणात, "आली बघा पालेवाली."

मी रागीट आहे, हे मला माहीत आहे. बाजारात माझ्या वजनकाट्याला कोणी बोट लावलं तरी मी आवाज चढवते. पण नणंदेपुढे मी गप्प बसायचे, कारण तिने आईमागे ह्यांना लहानाचं मोठं केलं होतं. मला राग तिच्यापेक्षा ह्यांचा यायचा. ती बोलायची आणि हे ताटात बघायचे. एकदाही म्हणाले नाहीत, ताई, पुरे. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी दुकान घेतलं त्या दिवशीही ती म्हणाली, "पाला विकून दुकान? बापरे," आणि हे पेढ्याचा कागद सोडवत बसले.

त्यामुळे डॉक्टरांनी पालेभाजी सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार ह्यांच्या साखरेचा आला, आणि दुसरा, अगदी त्याच्या पाठोपाठ, नणंदेचा.

पहिल्याच दिवसापासून मी घरातली मासळी, अंडी, कोंबडी बंद केली. दूधही बंद केलं, कारण दुकानावर येणारी एक तरुण मुलगी, आयटीत काम करणारी, दूध, दही, तूप काहीच खात नाही आणि तिची त्वचा कशी तुकतुकीत दिसते ते मी रोज बघत होते. म्हटलं, करायचं तर पूर्ण करू, अर्धवट नको. बिनदुधाचा चहा पहिल्यांदा समोर आला तेव्हा ह्यांनी कप उचलून आत बघितलं, जणू तळाशी काहीतरी सापडेल, आणि प्यायले.

आणि इथे आम्ही सगळ्यांनी मिळून एक घोळ घातला. असा घोळ फक्त आमच्यासारख्यांच्या घरातच होऊ शकतो.

या किनाऱ्यावरच्या घरात मासे नाहीत म्हणजे काय? म्हणजे उपवास. आणि उपवास म्हणजे काय, ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. सासरी मी इतकी वर्षं हेच पाहिलं होतं. सोमवार आला, चतुर्थी आली, की मासळीचं टोपलं बाजूला आणि साबुदाण्याची परात पुढे. त्यामुळे "आजपासून मांसमच्छी बंद" म्हटल्यावर माझे हात आपोआप त्याच डब्यांकडे गेले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तीही शेंगदाण्याचं कूट घालून, कारण ते वनस्पतीच. दुपारी उपवासाला न चालणारा नेहमीचा भातही, सोबत नारळाच्या रसातली बटाट्याची भाजी. चार वाजता रताळं, नाहीतर वसईची सुकेळी. आमच्या इथल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड. रात्री पुन्हा भात, वर पाव. यातला एकही पदार्थ प्राण्यापासून आलेला नव्हता. डॉक्टरांच्या शब्दाला मी तंतोतंत जागत होते.

हे मात्र खूश होते. इतकं गोडधोड आणि खमंग त्यांना वर्षभरात मिळालं नव्हतं. "पथ्य बरं आहे," असं एकदा स्वतःहून म्हणाले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मशीनवरचे आकडे चढत होते. मला वाटलं मशीन बिघडलं. औषधाच्या दुकानदाराकडे जाऊन भांडले, त्याने दुसरं दिलं, त्यावर आणखी जास्त आले. पंधरवड्याला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आकडे बघितले, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काय खाऊ घालताय तुम्ही यांना?"

मी अभिमानाने सांगितलं. सगळं. सुकेळीपर्यंत.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही यांना पथ्य नाही, उपवास घडवताय."

"पण मांस नाही, मासे नाहीत, दूध नाही..."

"साखरही झाडापासूनच होते ना? मैदाही. वडापावातही वनस्पतीच आहेत. झाडावरून आलं म्हणजे औषध झालं, असं नसतं." मग शांतपणे सांगितलं की साबुदाणा, बटाटा, पांढरा भात, पाव हे पोटात गेल्यावर साखरच होतात. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, भरड धान्यं, हा खरा भर. आणि दूध-अंडी सगळंच सोडणार असाल तर बी-ट्वेल्व्हची गोळी घ्यावी लागेल, ते पाल्यात मिळत नाही. "मी मासे पूर्ण बंद करा असं म्हणालोच नव्हतो. कमी करा म्हणालो होतो."

मी म्हटलं, "डॉक्टर, खराब निघालेला माल मी गिऱ्हाइकाकडून परत घेते. हा पंधरवडा धरू नका."

"धरणार," ते म्हणाले. "आकडे अजून हाताबाहेर नाहीत, म्हणून आज सुई नाही. पण मुदत तीच."

मी खूप वाद घातला. एक दिवसही वाढवून मिळाला नाही. त्या माणसाबद्दल मला त्याच दिवसापासून आदर वाटायला लागला.

ही बातमी नणंदेपर्यंत कशी पोचली देव जाणे. बहुतेक ह्यांनीच फोनवर "आकडे वाढलेत" एवढं म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी ऐन सकाळच्या गर्दीत ती माझ्या दुकानावर हजर. हातात स्टीलचा डबा. रिक्षातून उतरली ती बोलतच.

"माज्या भावाला काय बकरी समजलीस गो? पाला घालून घालून साकर वाडवलीस त्याची! आमच्यात कोन पाला खाऊन मोटा झाला? हा घे, सुकटाची चटनी आनि भाकरी. आज त्याला मानसासारका जेवू दे."

दुकानात दहा बायका. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मेथीच्या जुडीतून पानं मोजणारी बाईसुद्धा थांबली.

मी म्हटलं, "ताई, पाला खाल्ल्याने नाही वाढली. साबुदाण्याने वाढली. आणि साबुदाणा मी तुमच्याकडेच शिकले."

"मंजे आता दोस माजा?"

"दोष कोणाचा नाही. पण डबा परत न्या."

"डबा नाय नेनार. तुज्या हातान ठेव नायतर माज्या भावाला हाक मार."

हे मागे टेम्पोतून टोमॅटोचे क्रेट उतरवत होते. ऐकलं होतं सगळं. आले, दोघींच्या मध्ये उभे राहिले, डबा घेतला, आणि न बोलता मागे गेले. मला वाटलं आता मागे बसून खाणार. माझ्या हातात त्या वेळी एक दुधी होता. तो मी इतक्या जोराने वजनकाट्यावर ठेवला की काटा बंद पडला. नणंद "खाईल तो, माजा भाव हाय," असं जिंकल्यासारखं म्हणून रिक्षात बसली.

मागे जाऊन बघते तर डबा टेम्पोच्या सीटवर तसाच, झाकण घट्ट. हे क्रेट मोजत होते. संध्याकाळी डबा मी आमच्या शेजारणीला दिला, तिने बोटं चाटत खाल्ला.

त्या रात्री मी जेवायला वाढताना ह्यांच्या ताटाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. भाताचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी चमचाभर भाजी. आणि एकदम मला माझं दुकान दिसलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट असते, वरचं. गिऱ्हाईक किलोभर बटाटे, किलोभर कांदे घेतं आणि मग हात पुढे करून म्हणतं, "मावशी, वरचं द्या की." मग त्याच्या पिशवीत चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, कोथिंबिरीच्या दोन दांड्या टाकायच्या. फुकट. वरचं म्हणजे ज्याचे पैसे कोणी धरत नाही ते. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या भाजी हीच ताटातली वरची होती. डॉक्टर म्हणतात भाजीवर भर द्या, आणि मी भर भातावर ठेवून भाजी वरची म्हणून टाकत होते. मासे काढून घेतले तरी सौदा तोच राहिला होता, फक्त गाडा हलका झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सौदा उलटा केला. ताटात भाजी किलोने आणि भात वरचा.

हे सांगायला सोपं आहे, करायला नाही. कारण भाजी किलोने खायची तर ती तशी जमली पाहिजे. चमचाभर भाजीत चार चमचे तेल चालतं, ताटभर भाजीत चालत नाही. मी माहेरचं सगळं उकरून काढलं. हुलग्याचं माडगं परत आणलं. मटकीला मोड आणले, वाल सोलले, चवळी भिजवली. ज्वारीची भाकरी थापायला लागले, इतक्या वर्षांनी पहिली भाकरी तव्यावर फुगली नाही तेव्हा मी तव्याला शिव्या दिल्या. शेवग्याचा पाला, तांबडा माठ, अंबाडी, मुळ्याचा पाला, जो गिऱ्हाइकं माझ्यासमोर तोडून फेकून देतात. कारल्याची तर इतकी रूपं केली की ह्यांनी एकदा विचारलं, "आज कारलं नाही का?" आणि त्या आवाजात काळजी होती की आशा, ते मला अजून कळलेलं नाही. जवसाची चटणी, तिळाची चटणी. दूध मी परत आणलं, चहापुरतं, कारण बिनदुधाच्या चहाने माझाच स्वभाव आणखी बिघडत होता. आठवड्यातून एकदोन वेळा अंडं. मासे मात्र तीन महिने नाही. ती माझी जिद्द होती, डॉक्टरांची नव्हे.

हे सगळं दुकानात कळलं, आणि दुकानाचा आखाडा झाला. बोळिंजमधल्या टॉवरांत वाद घालायला वेळ असलेली माणसं पुष्कळ. ती आयटीतली मुलगी दूध परत आणल्याचं कळल्यावर माझ्यावर नाराज झाली. एक जिमवाले तरुण गृहस्थ रोज केळी घ्यायला येतात, ते म्हणायचे, "मावशी, सगळं ठीक, पण प्रोटीन कुठून मिळणार?" मी मटकीची पिशवी त्यांच्यासमोर धरायचे. ते म्हणायचे, "एवढ्याने काय होतंय? अंड्याशी बरोबरी होत नाही याची." मुलगी म्हणायची, "होते, डाळभात एकत्र खाल्ला की होते." ते म्हणायचे, "मग भात वाढणार." दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, आणि दोघंही मटकी घेऊन जायचे, हे मला महत्त्वाचं.

एक निवृत्त काका होते, सोसायटीचे जुने पदाधिकारी. ते ठासून म्हणाले, "आमचे आजोबा रोज मासे-भात खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते."

मी म्हटलं, "काका, तुमचे आजोबा होडी वल्हवायचे. तुम्ही पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाता."

बायका इतक्या हसल्या की काकांनी त्या दिवशी कोथिंबीर न घेताच घर गाठलं. पण दुसऱ्या दिवशी आले आणि हळूच म्हणाले, "ते माडगं कसं करतात?"

माझं म्हणणं या वादात एवढंच असायचं, आणि अजूनही तेच आहे: पाला म्हणजे देव नाही, आणि मासा म्हणजे राक्षस नाही. माणसाने ताटात कशाचा सौदा करतोय ते बघावं. पण हे शहाणपण मी फक्त दुकानात बोलायचे. घरी मला नुसती भीती होती. रोज पहाटे हे चांदीपला निघण्याआधी बोट टोचून घ्यायचे आणि मशीन माझ्याकडे वळवायचे. आकडे सुरुवातीला हललेच नाहीत. मग थोडे खाली, मग पुन्हा वर. एकदा लग्नाच्या जेवणात जिलेबी खाल्ली तेव्हा दोन दिवस वर. मी ओरडले. ते टेम्पो घेऊन निघून गेले आणि मी त्यांच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिले. तो आवाज बंद होणार असेल तर घरात काय उरणार, हा विचार मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण केला.

हळूहळू मात्र उतार लागला. बाजारात मंदी येते तसा, एकदम नाही, रोज थोडा. ह्यांच्या पँटला पट्टा लागायला लागला. दुपारी जेवून लगेच झोपायचे, ते थांबलं. क्रेट उचलताना दम लागायचा, तोही कमी झाला. मी कोणाला बोलले नाही. भाव आपल्या बाजूने वळला की बोलायचं नसतं.

तीन महिने पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी मोठी रक्ततपासणी करून घेतली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. रिपोर्ट वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. हा माणूस बाजारात उतरला असता तर मला जड गेला असता.

"सुई नाही," ते म्हणाले. "आत्ता तरी नाही. गोळ्या चालू. आणि जेवण असंच चालू, हे आयुष्यभराचं आहे, तीन महिन्यांचं नाही. गाडी चालवा."

ह्यांनी खिशातली टेम्पोची किल्ली काढली, बघितली, परत ठेवली. मी टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

"मासे?" हे म्हणाले. संपूर्ण तपासणीत त्यांनी उच्चारलेला तेवढा एकच शब्द.

"आठवड्यातून दोनदा घ्या. कालवणात, तळून नाही. भात वाढवायचा नाही."

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "हे माशांचं ताईंना सांगायचं नाही. इतक्यात नाही." त्यांनी कारण न विचारता मान हलवली.

त्याच आठवड्यात नणंदेच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. अंगणात मंडप, खुर्च्या, समुद्राचा खारा वारा, आणि पन्नासेक बायका, ज्यांनी माझं बोट कापलेलं पाहिलं होतं त्यांच्यापैकीही काही. मी चांगली साडी नेसून गेले. नणंदेने आधी ह्यांच्याकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर. तिचा भाऊ दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसत होता, आणि हे तिला माझ्याआधी दिसलं असणार, कारण तिने त्याला वाढवलं होतं. डोळे भरले तिचे. पण तोंडाने काय म्हणावं? "वाळलास रे."

"सुई टळली, ताई," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा."

तिने देवघराकडे हात जोडले. मग सरळ हातात वाटी घेतली आणि ह्यांच्या पानात सुरमईच्या कालवणाचा तुकडा वाढायला वाकली. मी माझा हात पानावर आडवा धरला.

"आता तरी खाऊ दे गो त्याला!"

"देईन. पण फुकट नाही."

आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या.

"काय पायजे तुला? पापलेट?"

"एक वाक्य. सगळ्यांसमोर म्हणायचं, भावाची सुई कोणामुळे टळली."

नणंद वाटी हातात धरून सरळ झाली. मग तिच्या डोळ्यांत ती चमक आली जी मी बाजारात रोज बघते. तीही कमी नव्हती. तिनेही आयुष्यभर मासळीबाजारात बसून टोपली विकली होती.

"देवीमुळं टळली," ती म्हणाली.

"देवीला नमस्कार. पुढे?"

"डॉक्टरमुळं."

"डॉक्टर सुई हातात घेऊन बसले होते, ताई."

"बरं, पाल्यामुळं."

"पाला कोणाचा?"

"शेतकऱ्याचा!" मंडपात हशा पिकला. मीही हसले. सौदा चांगला चालला होता. मी पानावरचा हात तसाच ठेवला. कालवण वाटीत निवत होतं, आणि निवलेलं कालवण भावाला वाढायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

"दर रविवारी माज्याकडं जेवायला पाटवशील त्याला?" तिने विचारलं. "मासे खायला?"

मी बराच विचार केल्यासारखं केलं. ह्यांच्याकडे बघितलं. हे पानाकडे बघत होते, तोंडातून शब्द नाही, पण मिशीखाली काहीतरी हलत होतं. इतकी वर्षं ज्या गप्प बसण्याचा मला राग आला, ते गप्प बसणं त्या दिवशी सोन्यासारखं होतं.

"रविवारी एक वेळ," मी मोठ्या कष्टाने सोडून दिल्यासारखं म्हटलं. "कालवणातला. तळलेला नाही. भात एक मूठ."

"दोन मुटी."

"एक."

तिने वाटी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले, आणि किनाऱ्यावरून होडीला हाक मारतात त्या आवाजात मंडपभर सांगितलं, "ऐका गो सगळ्या! माज्या भावाची सुई माज्या वयनीन टाळली. पाला खाऊ घालून. आता झालं समादान?"

वहिनी. इतक्या वर्षांत त्या घरात मला तो शब्द मिळाला नव्हता. मी पानावरचा हात काढला आणि म्हटलं, "वाढा ताई, गार होतंय."

परत येताना टेम्पो हे चालवत होते. मागे नणंदेने दिलेली केळीची पानं आणि कसल्या कसल्या पिशव्या. आगाशीच्या पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा हे गुणगुणायचं थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर दोनदा म्हणाले होते."

"माहीत आहे."

"तू ताईला एकदाच सांगितलंस."

"तिला तिच्या वाट्याचंच सांगितलं."

"मग दुसरा?"

"बुधवारी. माझ्या हातचा," मी म्हटलं. "मांदेली ओळखता येतात आता मला."

त्यांनी गियर बदलला, आणि पुन्हा गुणगुणायला लागले, आधीपेक्षा जरा मोठ्याने.